माणूस मिळेपर्यंत

मानवी आत्म्याला थेट स्वर्गाच्या दारापर्यंत नेणारी एकच शिडी आहे, आणि ती म्हणजे संगीत. ही शिडी खालून धरून ठेवणारा माणूस मात्र खालीच राहतो, आणि वयोमानाप्रमाणे त्याची कंबर धरते.

वाक्य मास्तरांचं. पहिला भाग ते चर्चच्या क्वायरमध्ये, म्हणजे गायकवृंदात, येणाऱ्या प्रत्येक नव्या गायकाला पहिल्याच तालमीत ऐकवत; दुसरा भाग रविवारी दुपारी बायकोला, पालथं पडून कमरेला मलम चोळून घेताना. दोन्ही ठिकाणी परिणाम सारखाच व्हायचा. ऐकणारा म्हणायचा, "बरं."

मास्तर शाळेत गाणं शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. शाळेतून ते केव्हाच निवृत्त झाले होते. चर्चमधून होता होत नव्हते. चर्चच्या ऑर्गनवर ते तरुणपणी बसले ते अगदी तात्पुरते. आधीचे वादक फार म्हातारे झाले होते. एका रविवारी प्रवचन लांबलं, त्यात त्यांना डुलकी लागली आणि कपाळ अलगद स्वरपट्ट्यांवर टेकलं. जो आवाज झाला त्याने प्रवचन संपलं, आणि कित्येकांच्या मते ती त्या वादकाची सर्वोत्तम कामगिरी होती. पण कमिटीला ते पटलं नाही. तेव्हाचे पाळकसाहेब मास्तरांच्या घरी आले, चहा प्यायले आणि म्हणाले, "दुसरा माणूस मिळेपर्यंत तेवढं सांभाळा."

मास्तरांचे बेत तेव्हा मोठे होते. पुढे शिकायला जायचं, मोठमोठ्या सभागृहांत वाजवायचं. बाहेर आपल्या नावाची पाटी, आत अंधार, आणि अंधारात खोकला दाबून बसलेली शेकडो माणसं. त्याआधी थोडे दिवस चर्चमध्ये वाजवलं तर हात बसेल, असा त्यांनी विचार केला. हात बसला, पाय बसले, हळूहळू सगळे मास्तरच बसले. त्या वेळी त्यांच्या डोक्यावर दाट केस होते. माणूस मिळेपर्यंत ते पिकले, मग विरळ झाले, मग थंडीत टोपी लागू लागली. पाळकसाहेब बदलले, पुन्हा बदलले. येणारा प्रत्येक जण जाणाऱ्याकडून तेच एक वाक्य घेऊन येई. माणूस काही मिळाला नाही. मिळणार कसा? शोधायला कुणी गेलंच नव्हतं. माणूस होता की.

बाहेरच्यांना वाटतं, ऑर्गन वाजवणं म्हणजे बसून करायचं काम. तसं ते आहेही. पण दोन्ही हात स्वरपट्ट्यांवर, दोन्ही पाय खालच्या पेडलांवर, आणि आवाज बदलायचा झाला की मधेच एक हात सोडवून बाजूच्या खुंट्या ओढायच्या. यात माणूस बाकावर टेकलेला असतो तो एकाच जागी, आणि ती जागा लाकडी. त्यातून क्वायरही मास्तरांचाच. म्हणजे हातापायांनी ऑर्गन वाजवायचा आणि उरलेल्या अवयवांनी क्वायर चालवायचा. उरतं काय, तर डोकं. कडवं सुरू करायचं असलं की मास्तर डोकं वर नेत आणि खाली आणत. हळू म्हणायचं असलं की मान कलती करत. शेवटचा स्वर तोडायचा असला की हनुवटीला असा झटका देत की नवख्या माणसाला वाटावं, यांना उचकी लागली.

ऑर्गन होता वरच्या गॅलरीत, मागच्या भिंतीला लागून. त्यामुळे वाजवणाऱ्याची पाठ क्वायरकडे, मंडळीकडे, वेदीकडे, थोडक्यात सगळ्या जगाकडे. जग दिसावं म्हणून स्वरपट्ट्यांच्या वर एक आरसा. मूळचा आरसा कधीतरी फुटला तेव्हा कमिटीने नवा आणायचं ठरवलं, आणि ठरवणं हे कमिटीचं आवडतं काम असल्यामुळे ती बराच काळ ठरवत राहिली. शेवटी मास्तरांनी भंगारात निघालेल्या आपल्या स्कूटरचा आरसा काढून तिथे बसवला. त्यात माणसं जरा लहान आणि जरा लांब दिसत. मास्तरांची तक्रार नव्हती. माणसांच्या बाबतीत एवढं अंतर त्यांना योग्यच वाटे.

त्या आरशात त्यांनी उशिरा येणाऱ्या नवऱ्या पाहिल्या. "नवरी निघाली" असा निरोप खालून आला की समजायचं, नवरी केस विंचरतेय. "पोहोचलीच" म्हणजे बूट सापडत नाहीयेत. तोवर वाजवत राहायचं, तीच धून फिरवून फिरवून, प्रत्येक वेळी नव्याने आनंद झाल्यासारखी. त्याच आरशात त्यांनी शवपेट्याही आत येताना पाहिल्या, कित्येकदा ज्यांच्या लग्नात वाजवलं त्यांच्याच. त्या मात्र वेळेवर येत. एकदा भर उपासनेत पाळकसाहेबांचा चष्मा सापडेना. तो सापडेपर्यंत मास्तरांनी जे वाजवलं ते इतकं भावपूर्ण होतं की मागच्या बाकावरच्या एका आजींनी डोळे पुसले. चष्मा पाळकसाहेबांच्या कपाळावर होता. मास्तरांना तो आरशात स्वच्छ दिसत होता, पण दोन्ही हात आणि दोन्ही पाय गुंतलेले असताना माणसाने खूण करायची कशाने? डोकं हलवून पाहिलं, तर क्वायर गायला लागला.

त्यांचं स्वतःचं लग्नही याच चर्चमध्ये झालं. नवरी आत येताना वाजवायला दुसरं कोण होतं? तिला वेदीपाशी पोहोचवून मास्तर जिना उतरले, मधल्या वाटेने पळत गेले आणि धापा टाकत तिच्या शेजारी उभे राहिले. लग्नाच्या फोटोत नवरा घाबरलेला दिसतो असं सगळे म्हणतात. "घाबरलेले नव्हते," बायको सांगते, "दमले होते. तेव्हापासूनच."

लग्नातला तो थोडा वेळ सोडला, तर चर्चमध्ये नवरा-बायको शेजारी शेजारी कधी उभी राहिली नाहीत की बसली नाहीत. मास्तर सगळ्यांच्या आधी मागच्या जिन्याने वर जात आणि सगळ्यांच्या नंतर खाली उतरत. उपासना संपल्यावर, लोक बाहेर पडताना वाजवायचं संगीत सगळ्यात अवघड असतं. त्यावर मास्तर आठवडाभर मेहनत घेत, आणि मंडळी ते गाडीच्या किल्ल्या खुळखुळवत, एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करत, मोठ्याने ऐकत. बायको बाहेर पायरीवर थांबे. उपासनेत ती पुढून तिसऱ्या बाकावर बसायची. शेजारी तिची पिशवी. पिशवीत छत्री, चष्म्याची डबी, खोकल्याच्या गोळ्या; ती औषधांच्या दुकानात काउंटरवर उभं राहून निवृत्त झाली होती, त्यामुळे निम्म्या मंडळीचा खोकला त्या पिशवीवर चाले. कुणी त्या जागेकडे बघून विचारलं, "इथे कुणी येणार आहे का?" की ती म्हणायची, "येणार आहेत." आणि पिशवी जराही हलवायची नाही.

मास्तरांना ते आरशात दिसे. डाव्या बाजूला, क्वायरच्या मधल्या फटीतून, दूर खाली, एक अंबाडा आणि एक पिशवी.

मोठ्या सणाची गाणी झाली की येतो खाली, असं ते दर वर्षी म्हणत. मग कुणाचं तरी लग्न निघे, कुणाचं तरी उलट. या वर्षी मात्र बायकोने मलमाची नळी हातात घेऊन विषय काढला, आणि ज्याची कंबर उघडी आहे त्या माणसाला वाद घालता येत नाही हे तिला माहीत होतं.

तिचं म्हणणं असं, की चर्चमध्ये नवीन येऊ लागलेले एक आजोबा तिच्या मागच्या बाकावर बसतात. ते स्वतः विधुर आहेत, स्वभावाने फार कनवाळू आहेत. गेल्या रविवारी त्यांनी हळूच विचारलं, तुमचे मिस्टर?

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, वर गेलेत. ते म्हणाले, देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो. आणि मला आलेपाकाची वडी दिली."

मास्तर उशीत तोंड घालून हसले. बायको हसली नाही. तिने मलम चोळणं थांबवलं आणि म्हणाली, "मला दागिना नको, प्रवास नको. एकदा शेजारी येऊन बसा. सुरू झाल्यापासून संपेपर्यंत. माझे गुडघे आता फार वर्षं त्या बाकावर टिकायचे नाहीत."

मास्तर म्हणाले, बसायला काय, आजच्या आज बसेन. दमलोय मीसुद्धा. आता जिना चढताना मधल्या वळणावर उभं राहून भिंतीकडे बघायला लागतं, आणि कुणी मागून आलं तर रंगाची पाहणी करतोय असं दाखवायला लागतं. पण क्वायरचं काय? डोकं हलवायला मी नसलो तर ही माणसं तिसऱ्या कडव्यात खड्ड्यात जातील.

"जाऊ दे की. खड्ड्यात गेलेली माणसं वर येतात. वर गेलेलेच खाली येत नाहीत."

यावर मास्तरांनी शब्द दिला. ज्या दिवशी क्वायर आपल्याशिवाय एक गीत धड म्हणेल, त्या दिवशी आपण खाली येऊ. शब्द देताना त्यांना काळजी नव्हती. क्वायर त्यांनी स्वतः घडवला होता.

क्वायरचं वर्णन थोडक्यात करायचं तर आवाज पुष्कळ आणि पुरुष कमी. खालच्या पट्टीत दातांचे डॉक्टर होते; दिवसभर लोकांना "तोंड उघडा" सांगून ते इतके कंटाळत की संध्याकाळी तालमीला स्वतःचं उघडत नसत. वरच्या पट्टीत एक बाई होत्या, त्यांना सगळे कोकिळा म्हणत, कारण त्या कधीही सुरू होत. आणि दुसऱ्या पट्टीत, पहिल्या रांगेच्या अगदी कडेला, हेडबाई.

हेडबाई मास्तरांच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. तिथे मास्तर त्यांच्या हाताखाली, इथे त्या मास्तरांच्या. हा बदल मास्तरांनी मनापासून स्वीकारला होता, हेडबाईंना तो कुणी कळवला नव्हता. क्वायरमधली निम्मी माणसं त्यांच्या शाळेत शिकलेली. त्यातली काही आता स्वतः आजीआजोबा होती, पण हेडबाईंच्या समोर च्युइंगगम गिळून टाकत. तालमीत मास्तर पुन्हा पुन्हा एकच सांगायचे: "माझ्याकडे बघा. पानात बघू नका, माझ्याकडे बघा." सगळे माना डोलवत. मास्तर समाधानाने पाठ फिरवून बसत.

आणि मग तो रविवार आला.

शेवटचं गीत चार कडव्यांचं होतं. मास्तरांचा एक रिवाज होता आणि तो क्वायरला पाठ होता: तिसरं कडवं अगदी हळू. सगळ्या खुंट्या आत ढकलायच्या, एकच मऊ आवाज ठेवायचा, म्हणजे खाली बसलेल्यांना शब्द ऐकू येतात. चौथ्याला मात्र सगळ्या खुंट्या बाहेर. खिडक्यांच्या काचा थरथरल्या पाहिजेत, आणि मागच्या बाकावर झोपलेले जागे झाले पाहिजेत, कारण पुढे घरी जायचं असतं.

तिसरं कडवं सुरू झालं आणि ऑर्गनला हवा पुरवणारी, गॅलरीमागच्या खोलीतली मोटर जळाली. धूर नाही, धमाका नाही. कामावर आयुष्य काढलेल्या माणसासारखी ती गुपचूप गेली. भात्यात उरलेली हवा एक ओळभर पुरली. मग खुर्चीत बसताना थकलेला माणूस सोडतो तसा एक सुस्कारा सोडून तीही संपली. मास्तरांना तो सुस्कारा आपलाच वाटला.

आवाज मुळातच एवढासा, त्यावर क्वायर गातोय. मास्तर वाजवत राहिले. मान कलती केली, हनुवटी हलवली, सगळं बैजवार. चौथं कडवं आलं. त्यांनी हात लांब करून सगळ्या खुंट्या ओढल्या, दोन्ही पाय सरसावले, डोकं वर नेलं, खाली आणलं आणि दहाही बोटं एकदम दाबली.

लाकडाचा खडखडाट झाला. बाकी काही नाही.

मास्तरांनी आरशात पाहिलं. क्वायर चौथ्या कडव्यात गेला होता. वेळेवर, एकत्र, सुरात, आणि काचा थरथरतील एवढ्या मोठ्याने. कोकिळासुद्धा सगळ्यांबरोबर होती. डॉक्टरांचं तोंड उघडं होतं. आणि आता हातांना काहीच काम नसल्यामुळे मास्तरांनी त्या लहान, लांब दिसणाऱ्या चेहऱ्यांचे डोळे पहिल्यांदाच नीट पाहिले. एकही डोळा त्यांच्या पाठीवर नव्हता. सगळे तिरके, रांगेच्या कडेला. तिथे प्रत्येक ओळीच्या आधी हेडबाईंचा डावा खांदा वर व्हायचा, आणि तो वर झाला की सगळ्या क्वायरच्या छात्या फुगायच्या. त्यांच्या आधी श्वास घ्यायची हिंमत कुणात नव्हती.

मास्तरांना थांबता आलं असतं. पण अशा वेळी हात उचलायचे कुठे आणि ठेवायचे कुठे? ते वाजवत राहिले. मुक्या पट्ट्यांवर, पूर्ण ताकदीनं, पेडलांसकट. ज्या जागी त्यांची करंगळी आयुष्यभर घसरत आली होती तिथेही ती बिनचूक पडली. शेवटच्या स्वराला त्यांनी हनुवटीचा झटका दिला. क्वायरने स्वर तोडला तो त्याच्या जरा आधी.

बाहेर पडतानाचं संगीत त्या दिवशी वाजलं नाही. हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. एरवी जेवढे लोक ते ऐकत, तेवढेच त्या दिवशीही ऐकत होते. मास्तर बाकावर बसून राहिले. डॉक्टर येऊन पाठीवर थाप मारून गेले: आज ऑर्गन काय मऊ लागला होता हो, पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकू आला मला. खालून पाळकसाहेबही जिना चढून आले. हे पाळकसाहेब वयाने मास्तरांचा मुलगा शोभतील असे, आणि कुणाचंही कौतुक राहून जाऊ नये म्हणून सतत घाईत. शेवटच्या कडव्यातला संयम आपल्याला फार भिडला, असं ते म्हणाले, आणि पुढच्या माणसाला भिडायला गेले.

हेडबाई मागे थांबून गीतांची पुस्तकं कपाटात लावत होत्या. मास्तर बाकावर वळून बसले. त्या बाकावर ते असे वळून क्वचितच बसले होते. गॅलरी उलटी झाल्यासारखी वाटत होती.

"तुमच्या लक्षात आलं होतं?" त्यांनी विचारलं.

"दुसऱ्याच ओळीला."

"मग थांबला का नाहीत?"

"तुम्ही कुठे थांबलात?"

हे खरं होतं. मास्तरांनी आपली बोटं चोळली. मग म्हणाले, "बाई, खरं सांगा. माझ्याकडे कुणी बघतच नाही का?"

हेडबाईंनी पुस्तकांची रास हाताने सारखी केली. पालकांना बोलावून घेतल्यावर त्या जसं बोलत तसंच बोलल्या, शांत आणि स्पष्ट. "मास्तर, तुमचं डोकं सूर लागला की हलतं, चुकला की हलतं आणि माशी बसली तरी हलतं. सुरुवातीला आम्ही एकदोनदा माशीवर सुरू झालो. मग मी सगळ्यांना सांगितलं, माझ्याकडे लक्ष ठेवा."

"हे कधीपासून?"

"तुमचे केस होते तेव्हापासून."

"आणि मला कुणी बोललं नाही."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं. आणि वाजवता तुम्ही छान. उगाच खोटं कशाला बोलू?" त्यांनी कपाटाला कुलूप लावलं. मग जरा घुटमळून म्हणाल्या, "आता वाईट वाटलं का?"

मास्तरांनी प्रामाणिकपणे विचार केला. वाईट वाटलंच होतं. पण त्याच्या बाजूला, तेवढ्याच आकाराचं, दुसरं काहीतरी होतं. खूप वेळ हातात धरलेलं जड सामान कुणी न विचारता खाली उतरवून घ्यावं, तसं. हात मात्र अजून वाकडेच.

"दमलोय," ते म्हणाले.

"ते दिसतंच आहे," हेडबाई म्हणाल्या. "जिन्याला रंग देऊन किती दिवस झाले, आणि तुम्ही अजून पाहणी करताय."

घरी जाताना रस्ताभर मास्तर मनात हिशेब मांडत होते. मोटर जळाल्याचं आतापर्यंत दोघांनाच माहीत होतं आणि हेडबाई चुगलखोर नव्हत्या. उद्या वायरमनला बोलावलं, मोटर भरून आणली, की पुढचा रविवार मागच्यासारखाच. पाठ जगाकडे, डोकं वर, डोकं खाली. कुणाला काही कळायचं कारण नाही. बायको शेजारून गुडघा सांभाळत चालत होती. तिची पिशवी आज त्यांनी घेतली होती. इतक्या वर्षांत ती इतकी जड असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

दुपारी ते पालथे पडले. बायको मलम चोळता चोळता म्हणाली, आज बरं झालं शेवटचं गीत. ऑर्गन बोचला नाही.

"ऑर्गन वाजलाच नाही," मास्तर उशीत म्हणाले.

तिचा हात थांबला. "मग गीत?"

"धड झालं."

मग मलमाच्या नळीचं झाकण फिरवल्याचा आवाज आला, अर्धी कंबर चोळायची राहिलेली असताना.

"म्हणजे येत्या रविवारी..."

"खाली."

"बरं," बायको म्हणाली, आणि स्वयंपाकघरात निघून गेली. तिथून भांडी लावल्याचा आवाज यायला लागला. भांडी सकाळीच लावून झाली होती.

पाळकसाहेबांकडे जाताना मास्तरांनी मनाची तयारी केली. आजवर प्रत्येक पाळकसाहेबांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले होते आणि "तुमच्याशिवाय चर्च म्हणजे..." एवढं बोलून पुढचं सुचत नाही म्हणून नुसते बघत राहिले होते. हेही तसंच करणार; तेव्हा विरघळायचं नाही. त्यांनी मोटरचं सांगितलं, क्वायरचं सांगितलं, हेडबाईंच्या खांद्याचंसुद्धा सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, मला मोकळं करा.

पाळकसाहेब थोडे गडबडले. मग त्यांचा चेहरा उजळला आणि तो झाकायचा त्यांनी बराच प्रयत्न केला. खरं म्हणजे, ते म्हणाले, कमिटीत हा विषय बरेच दिवस चालू आहे. मास्तरांना आता आराम द्यावा असं सगळ्यांच्याच मनात आहे. पण सांगायचं कुणी? तुम्हाला वाईट वाटलं असतं. माझ्या आधीच्या पाळकसाहेबांनी जाताना आम्हाला बजावलं होतं, मास्तरांचा जीव त्या ऑर्गनमध्ये आहे, त्यांना हलवू नका.

म्हणजे इतकी वर्षं मास्तर चर्चला वाईट वाटू नये म्हणून वाजवत होते, आणि चर्च त्यांना वाईट वाटू नये म्हणून ऐकत होतं. एवढ्या सौजन्यात मोटरच तेवढी स्पष्टवक्ती निघाली.

"निरोपसमारंभ मात्र थाटात करायचा," पाळकसाहेब म्हणाले. "मोटर दुरुस्त होऊन आली की. कारण समारंभात ऑर्गन हवाच, आणि वाजवायला..." इथे ते थांबले.

"माणूस मिळाला की कळवा," मास्तर म्हणाले.

रविवार आला. बायको नेहमीपेक्षा लवकर तयार झाली आणि पुढे गेली. मास्तरांना टाय सापडत नव्हता. गॅलरीत पाठ करून बसणाऱ्या माणसाला टाय लागत नाही, त्यामुळे तो लग्नानंतर कुठे ठेवला ते कुणालाच आठवेना. शेवटी बिनटायचे मास्तर चर्चपाशी पोहोचले, विचारात असल्यामुळे मागच्या जिन्याने मधल्या वळणापर्यंत चढले, भिंतीची पाहणी केली, आणि मग लक्षात येऊन खाली उतरले. तोवर पहिली प्रार्थना सुरू झाली होती.

मुख्य दारातून ते आत शिरले. सगळ्या माना खाली. बायको कुठे बसते ते त्यांना तोंडपाठ होतं: डावीकडे, पुढून तिसरा बाक, अंबाडा. ते अलगद चालत गेले, डावीकडच्या तिसऱ्या बाकात शिरले आणि डोळे मिटून अंबाड्याशेजारी बसले. चर्च खालून किती उंच दिसतं, असं त्यांच्या मनात आलं. शेजारी बसल्यावर बायकोला अत्तराचा वास येतो, हेही त्यांना नवीन होतं.

तेवढ्यात वाटेच्या पलीकडून एक खोकला आला. तो खोकला मास्तर झोपेतही ओळखत. त्यांनी डोळे उघडले. शेजारी डॉक्टरांची बायको बसली होती आणि अत्यंत सभ्यपणे त्यांच्यासाठी गीतांचं पुस्तक उघडून धरत होती. आरशात डावीकडे दिसणारी बायको ही पाठ करून बसलेल्या माणसाच्या डावीकडे असते. दारातून सरळ चालत आलेल्या माणसाच्या ती उजवीकडे असते. आयुष्यभर आरशात संसार बघणाऱ्या माणसाला हे कुणी सांगितलं नव्हतं.

मास्तर उठले. "आमेन" होता होता, सगळ्या माना वर येत असताना, त्यांनी मधली वाट ओलांडली. लग्नाच्या दिवसानंतर त्या वाटेवर ते आजच पहिल्यांदा आले होते आणि श्वास तेव्हाइतकाच लागला होता. बायकोने पिशवी उचलली आणि मांडीवर घेतली. मास्तर बसले. जागा त्यांच्या मापाची होती.

मागच्या बाकावरून नवे आजोबा पुढे वाकले. "हे कोण?" त्यांनी हळूच विचारलं.

"हेच ते," बायको म्हणाली. "वर गेलेले."

आजोबा मागे टेकले आणि गीतांच्या पुस्तकात पान शोधू लागले.

मग गीत सुरू झालं, ऑर्गनशिवाय. वर गॅलरीत कुठेतरी एक खांदा वर झाला असणार, कारण सगळे आवाज एकदम आले आणि पाठीमागून, डोक्यावरून, खाली उतरले. मास्तरांचं डोकं आपोआप वर गेलं आणि खाली आलं. डावा पाय पेडल शोधत पुढच्या बाकाला लागला. खालची पट्टी जरा उतरत होती. डॉक्टरांनी पुन्हा तोंड मिटलेलं दिसतंय. मास्तरांनी मान कलती केली, आणि मग सोडून दिली. उतरू दे. ते काम आता दुसऱ्याच्या खांद्यावर.

आणि मग त्यांना ऐकू आला एक आवाज, अगदी जवळून. बायको गात होती. इतकी वर्षं हजारो लोकांचे सूर त्यांनी तपासले होते, हा त्यांच्या कानावर कधी आला नव्हता. जाडसर आवाज, सुराच्या किंचित खालून चालणारा, पण रस्ता न सोडणारा. प्रत्येक ओळीचा शेवटचा स्वर ती सगळ्यांपेक्षा थोडा जास्त लांबवत होती. क्वायरमध्ये असती तर त्यांनी तिला पहिल्याच तालमीत टोकलं असतं. मास्तर ऐकत राहिले. कंबर दुखत होती, हा बाकही लाकडीच होता. त्यांनी डोळे मिटले आणि तिसऱ्या कडव्याला आपणही तिच्याबरोबर, थोडं खालून, म्हणायला सुरुवात केली.

चौथ्या कडव्याच्या आधी, एका श्वासापुरत्या शांततेत, ती त्यांच्या कानाशी वाकली.

"अहो," ती म्हणाली.

"काय गं?"

"जरा तिकडे सरकता का? पिशवी ठेवायचीय."